फ्लाय टायिंग: दुष्काळी मुलखातल्या नव्या छंदाचा आढावा

गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी न लावता त्या गळावरच पीस, लोकर आणि दोरा गुंडाळून किड्याचा आभास उभा करायचा आणि त्या आभासाने मासा फसवायचा, या कसबाला जगभर फ्लाय टायिंग म्हणतात. ज्या देशांत थंड पाण्याचे ओढे आणि ट्राउट मासा आहे, तिथे हा छंद चांगला रुजला आहे. आपल्याकडे तो मोजक्या हौशी लोकांपुरता राहिला. त्यांची सुरुवातही बहुधा परदेशी साहित्याची पेटी मागवून आणि ट्राउटसाठी लिहिलेले पुस्तक समोर ठेवून होते. मग अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, वर्षाला सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या हिवरे बाजारसारख्या गावातल्या माणसाने हा छंद धरावा का, आणि धरला तर कुठून सुरुवात करावी? प्रश्न वरवर विचित्र वाटेल. माझ्या मते या छंदाची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते. फ्लाय बांधणे हे मुळात आपल्या पाण्यात काय जगते ते निरखण्याचे कसब आहे. ज्या गावाने पाण्याचा थेंबन् थेंब मोजायला शिकून घेतले, तिथे ते निरखणे रुजायला जमीन तयार आहे. अट एकच: सुरुवात कॅटलॉगपासून न करता तलावापासून करायची.

या म्हणण्याला पहिला आधार छंदाच्या इतिहासातच मिळतो. कृत्रिम माशीचे सर्वांत जुने ठसठशीत वर्णन इसवी सन 200 च्या सुमारास ईलियन या रोमन लेखकाने केले. मॅसिडोनियातल्या एका नदीवरचे लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळत आणि कोंबड्याच्या गळ्याजवळची दोन पिसे त्यावर बांधत, असे तो सांगतो. कारणही तो देतो: ज्या किड्यावर तिथले मासे तुटून पडत, तो हातात धरला की त्याचे रंगरूप बिघडे आणि गळाला लावायच्या कामाचा राहत नसे. म्हणजे आधी कोणीतरी काठावर बसून माशांचे खाणे पाहिले, मग घरातली लोकर आणि अंगणातला कोंबडा आठवला. 1496 मध्ये इंग्लंडात छापल्या गेलेल्या मासेमारीवरच्या प्रसिद्ध प्रबंधात 12 फ्लायांची यादी आहे. तीही महिन्यांनुसार, म्हणजे त्या त्या वेळी पाण्यावर येणाऱ्या किड्यांनुसार लावलेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र दोन वाटा फुटल्या. 1886 साली फ्रेडरिक हॅलफर्डने तरंगत्या फ्लायांवर पुस्तक लिहिले, त्यात किड्याचे निरीक्षण केंद्रस्थानी होते. 1895 साली जॉर्ज केल्सनचे सॅमन माशाच्या फ्लायांवरचे पुस्तक आले. त्यातल्या फ्लायांवर दूरदेशच्या पक्ष्यांच्या रंगीत पिसांची जी आरास होती तिचा नदीतल्या कुठल्याही किड्याशी संबंध उरला नव्हता. समुद्रातून अंडी घालायला नदीत चढणारा सॅमन त्या काळात जवळजवळ काहीच खात नाही, त्यामुळे किड्याशी साम्य असण्याची गरजच नव्हती. गरज संपली तिथे दिखाव्याला मोकळे रान मिळाले.

त्या दिखाव्याची किंमत आपल्या सह्याद्रीनेही मोजली आहे. आपला राखाडी रानकोंबडा, शास्त्रीय नावाने गॅलस सोनेराटाय, दक्षिण आणि पश्चिम भारताखेरीज जगात कुठे नैसर्गिकरीत्या सापडत नाही. नराच्या मानेवरच्या पिसांना टोकाशी मेणासारखे चकाकणारे पिवळट ठिपके असतात. फ्लायच्या डोक्याजवळ हे पीस बांधले की ते छोट्या माशाच्या डोळ्यासारखे दिसते. या एका गुणापायी रानकोंबड्यांच्या कातड्या पिसांसकट दशकानुदशके परदेशी जात राहिल्या. 1960 च्या दशकात निर्यातीवर बंदी आली आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्याला संरक्षण मिळाले. पिसांचा मोह माणसाला कुठवर नेतो याचे टोकाचे उदाहरण 2009 मधले आहे. इंग्लंडातल्या ट्रिंग इथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयातून एका तरुण फ्लाय बांधणाऱ्याने 299 पक्ष्यांचे जतन केलेले नमुने चोरले. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेसने गोळा केलेले पक्षीही होते. काही पिसे त्याने विकली, आणि जे नमुने परत मिळाले त्यांतल्या अनेकांच्या नोंदचिठ्ठ्या निघून गेल्या होत्या, म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने ते मुके झाले. नव्याने हा छंद घेणाऱ्याला हा भाग सुरुवातीलाच माहीत असावा. ज्या शाखेत दुर्मीळ साहित्य हीच प्रतिष्ठा असते, ती शाखा मासाही विसरते आणि पक्षीही.

याच्या अगदी उलट टोकाला जपानच्या डोंगरी गावांतली तेनकारा पद्धत आहे. ओढ्यावर मासे धरून विकणारे, पोटासाठी राबणारे हे लोक. लांब बांबूची काठी, तिच्या टोकाला बांधलेला दोर, रीळ नाहीच, आणि गळावर दोरा आणि एक पीस एवढीच फ्लाय. पुष्कळ जण एकाच घडणीच्या फ्लायवर हंगाम काढत. आपल्या गोदावरी-भीमेच्या काठचे भोई किंवा ओढ्यावर बांबूची काठी घेऊन बसणारी पोरे यांच्या हातात जे साधन असते, ते याहून फारसे वेगळे नाही. भारतातल्या तलावांवरही याचा विचार पूर्वी झाला आहे. मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने 1873 मध्ये भारतातल्या गळमासेमारीवर पुस्तक लिहिले आणि पुढे 1887 मध्ये केवळ तलावांतल्या मासेमारीवर दुसरे. थॉमसचा वाचक अर्थातच साहेब होता. तरी हिमालयातल्या नद्या सोडून गावतळ्याकडे स्वतंत्र पुस्तकाचा विषय म्हणून पाहण्याची दृष्टी घेण्यासारखी आहे. हे सगळे एकत्र ठेवले की दिसते ते असे: मासे धरून दाखवणाऱ्या परंपरा साध्या, स्थानिक आणि निरीक्षणावर उभ्या आहेत. महागड्या साहित्याचा डोलारा नंतर चढला.

आता हिवरे बाजार. नगर तालुक्यातले हे पर्जन्यछायेतले गाव. 1972 च्या दुष्काळानंतर उजाड होत गेले, माणसे कामासाठी बाहेर पडू लागली. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढच्या दशकात, आदर्श गाव योजनेच्या आधाराने, डोंगरउतारावर समतल चर, ओढ्यांवर बांध, पाझर तलाव अशी कामे श्रमदानातून उभी राहिली. पवारांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. पण इथे मला महत्त्वाचे वाटतात ते गावाचे नियम. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी, शेतीसाठी बोअरवेल नाही, उसासारखे पाणी पिणारे पीक नाही आणि दरवर्षी पडलेल्या पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवायची. या नियमांनी पाणी राखले आणि त्याबरोबर पाण्याभोवतीचे जगणेही राखले. चराई थांबली की गवत वाढते, गवताबरोबर नाकतोडे येतात. झाडे राहिली की मुंग्या आणि वाळवी येतात. पाझर तलावात पाणी काही महिने टिकले की चतुर आणि टाचणी या किड्यांची पाण्यातली पिल्ले वाढतात. फ्लाय बांधणाऱ्याच्या दृष्टीने हीच खरी सामग्री, आणि ती कुठल्याही दुकानात मिळत नाही.

ट्राउटच्या पुस्तकांत मेफ्लाय या उडत्या किड्याला जे स्थान आहे ते आपल्या दुष्काळी पट्ट्यात मला तरी वाळवीला द्यावेसे वाटते. पहिला वळवाचा किंवा मृगाचा पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतून पंख फुटलेल्या वाळवीचे थवेच्या थवे निघतात. चार सारखे लांबट पंख, शरीरापेक्षा बरेच लांब, आणि उडण्यात जोर नाही. पाण्यावर पडली की वाळवी पंख पसरून तशीच चिकटून राहते, आणि वरून किडे खाणारा जो मासा असेल तो त्या वेळी पृष्ठभागावर येतो. हा सोहळा पावसानंतर थोडाच वेळ चालतो, म्हणून फ्लाय आधीच बांधून तयार हवी. त्या खालोखाल नाकतोडा: सप्टेंबर-ऑक्टोबरात काठचे गवत उंच झालेले असते आणि वाऱ्याने नाकतोडे पाण्यात पडतात. उरलेल्या काळात पाण्याखालचे जग, म्हणजे चतुराची जाड, मातकट पिल्ले आणि चिखलातल्या तांबड्या बारीक अळ्या. मेफ्लायही आपल्याकडे आहे. तिची आणि तिच्या काही सोयऱ्यांची पिल्ले सापडणे हे पाण्यात प्राणवायू पुरेसा असल्याचे लक्षण म्हणून नदीशास्त्रात वापरले जाते. एका पांढऱ्या ताटात तळाचा थोडा गाळ आणि पाणी घेऊन भिंगाखाली पाहिले तरी छंदाचा अर्धा अभ्यास होतो.

साहित्याचा प्रश्न वाटतो त्याहून सोपा आहे, आणि इथे नगर जिल्हा नशीबवान आहे. दख्खनी मेंढीची लोकर काळी, करडी, तपकिरी मुळातच असते. घोंगडीला लागणारी ही राठ लोकर पाण्याखालच्या पिल्लांच्या अंगासाठी रंग न देता चालते. संगमनेरी शेळी या भागाचीच जात. बोकडाच्या दाढीचे केस शेपटीसाठी उत्तम. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसे मागितली तर कोणीही देईल. पिसांच्या बाबतीत एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यावी. तरंगत्या फ्लायसाठी कडक, चमकदार, एकसारख्या तंतूंचे पीस लागते, आणि त्यासाठी अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या निवड करून खास कोंबडे वाढवले जातात. गावठी पिसाचे तंतू मऊ असतात, पाणी धरतात. म्हणून बुडणाऱ्या फ्लायसाठी ते अधिक चांगले, आणि नवशिक्याने सुरुवात तशीच करावी. त्या खास कोंबड्यांचे युग येण्यापूर्वी परदेशी बांधणारे मोठ्या प्रमाणात भारतातल्या कोंबड्यांच्याच पिसांवर अवलंबून होते, हे विसरू नये. चकाकीसाठी जर हवी, तर शेजारच्या येवल्यात पैठणीच्या मागांवर ती रोज वापरात आहे, एखादा तुकडा वर्षभर पुरेल. रानपक्ष्यांच्या पिसांच्या वाटेला मात्र जाऊच नये, मग ते बांधावर पडलेले नीलपंखाचे का असेना. मोराचे आपोआप गळालेले पीस देशात बाळगायला कायद्याची आडकाठी नाही, पण त्याच्या निर्यातीवर बंदी आहे. परदेशातल्या मित्राला भेट म्हणूनही ते पाठवता येणार नाही.

हत्यारांतले अटळ एकच, गळ घट्ट धरणारा छोटा व्हाइस. बाकी बारीक टोकाची कात्री, दोऱ्याचे रीळ ताणात लटकत ठेवणारा बॉबिन होल्डर आणि पीस धरायला चिमटा. पहिली फ्लाय अशी बांधावी. 10 नंबरचा गळ व्हाइसमध्ये आडवा धरायचा (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो) आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकायचा. काळा दोरा गळाच्या डोळ्यामागून सुरू करून वाकणापर्यंत वेढ्याला वेढा लावत न्यायचा. तिथे जरीची तार बांधून लोंबत ठेवायची. दोऱ्याला मेण लावून त्यावर दख्खनी लोकरीचे चिमूटभर तंतू एकाच दिशेने पिळायचे. लोकर फार घेतली जाते ती इथेच. दोरा दिसेनासा होईल न होईल इतपतच हवी. ती लोकरी दोरी पुढे गुंडाळत आणायची, मागे बारीक आणि पुढे किंचित फुगीर, आणि डोळ्यामागे तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी जागा मोकळी ठेवायची. जरीचे चार-पाच तिरके वेढे अंगावर घेतले की किड्याच्या शरीराचे कप्पे दिसतात. आता पिसाच्या बुडाशी असलेली लव काढून दांडी त्या मोकळ्या जागेत बांधायची आणि चिमट्यात टोक धरून दोन, फार तर तीन वेढे द्यायचे. तंतू मागे दाबून दोऱ्याने छोटे डोके करायचे, गाठ मारून नेलपॉलिशचा थेंब सोडायचा. दोऱ्याचा ताण तुटण्याच्या जरा अलीकडे ठेवता येणे हेच यातले कौशल्य. ढिला दोरा पहिल्याच माशाला उलगडतो. डोळ्यामागची जागा न राखल्याने फ्लाय वाया जाते आणि हे प्रत्येक नवशिक्याचे होते. वाळवी करायची तर अंग तांबूस-तपकिरी लोकरीचे आणि वर पातळ पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीचे लांब पंख आडवे बांधायचे.

यावर पहिला आक्षेप सरळ येईल: पाझर तलाव उन्हाळ्यात आटतो, तिथे मासा कसला? तो खरा आहे आणि झाकण्याचे कारण नाही. पाझर तलाव पाणी जमिनीत मुरवण्यासाठी असतो. त्याचे रिकामे होणे हे त्याचे काम झाल्याचे चिन्ह आहे. त्यात मत्स्यबीज सोडून पाणी अडवून धरण्याचा मोह कोणाला झाला तर छंदाने गावाच्या हिशेबात ढवळाढवळ केली असे होईल. म्हणून हिवरे बाजारात निरीक्षण आणि बांधणी करावी, मासेमारी दुसरीकडे. ते दुसरीकडेही फार लांब नाही. राहुरीजवळचे मुळा धरण, अकोले तालुक्यातले भंडारदरा, शेवगावच्या बाजूला जायकवाडीचे पाणी. तिथे मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे असतात. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये, आणि खालच्या पाण्याचे ज्ञान त्यांच्या सभासदांइतके कोणाकडे नसते म्हणूनही त्यांच्याशी बोलावे. चिलापी हा बाहेरून आलेला मासा जलाशयांत पसरला आहे. तो बारीक बुडणाऱ्या फ्लायवर येतो आणि तो घरी नेऊन खाल्ला तर स्थानिक माशांचे काही बिघडत नाही.

आपल्या भागाचे खरे वैभव महाशीर. दख्खनी महाशिराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने 1839 मध्ये केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. त्या नद्यांची आजची अवस्था सांगायला नको. लोणावळ्यात वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून महाशिराची पिल्ले वाढवून देशभर दिली, हे मोठे काम. पण त्याचीच एक दुसरी बाजू कावेरीत दिसली. तिथे बाहेरून सोडलेला हा दख्खनी महाशीर फोफावला आणि तिथला मूळचा कुबडा महाशीर, ज्याची शास्त्रीय ओळख 2018 मध्ये पक्की झाली, तो नष्ट होण्याच्या काठावर आला. चांगल्या हेतूने, पण तिथल्या पाण्यात आधी कोण राहते ते न पाहता सोडलेला मासा असे करू शकतो. किडा पाहायला शिकलेला माणूस हे आधी पाहील, असे मला वाटते, आणि म्हणूनच छंदाच्या या अंगावर माझा इतका भर आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: कणकेच्या गोळीवर जास्त मासे येतात, मग एवढा खटाटोप कशाला? बरोबर आहे. जेवणापुरता मासा हवा तर कणीक आणि गांडूळच घ्यावे, किंवा सरळ बाजारातून आणावा. बांधलेल्या फ्लायचा फायदा वेगळा. गोळी गिळलेला मासा गळ आतड्यापर्यंत नेतो. फ्लाय निर्जीव आहे हे माशाला क्षणात कळते, म्हणून गळ बहुतेक वेळा ओठाच्या कडेलाच लागतो आणि उलटा काटा दाबलेला असला तर मासा पाण्यातच सोडवून देता येतो. शिवाय गोळी सगळीकडे सारखीच चालते, ती बांधणाऱ्याला काही विचारत नाही. फ्लायवर मासा आला नाही तर मात्र किडा, आकार, खोली, वेळ यांतले काय चुकले ते शोधावेच लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. वारकरी मुलखात, माळकरी घरांत, गंमत म्हणून जिवाला गळ लावणे पटायचे नाही. पकडून सोडला म्हणजे इजा झाली नाही, असे उत्तर काही हौशी देतात. ते पुरेसे नाही, इजा होतेच. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंडीतले महाशीर देवाचे म्हणून पिढ्यान् पिढ्या राखले गेले आहेत, देहूच्या डोहातल्या माशांनाही कोणी हात लावत नाही. नदीतल्या माशांना खरे संरक्षण आजवर ज्यांनी दिले त्यांत या श्रद्धेचा वाटा मोठा आहे, आणि छंदाने तिच्यापुढे आवाज चढवू नये. ज्याला गळ नको त्याने तो टोकाशी कापून बोथट तारेवर फ्लाय बांधावी. मासा येऊन तिला धडकलेला दिसतो, एवढ्यावर थांबावे. जगातले कित्येक उत्तम बांधणारे कधी मासे धरायला जात नाहीत. बांधणी ही स्वतंत्र हस्तकला म्हणून उभी राहू शकते आणि मला ती या मुलखात त्याच रूपात आधी रुजेल असे वाटते.

तसे झाले तर सर्वांत उपयोगी काम शाळेच्या पातळीवर होईल. हिवरे बाजार पाऊस मोजतो, विहिरींची पातळी पाहतो आणि त्यावरून पिकांचा निर्णय घेतो. त्याच वहीत एक रकाना किड्यांचा वाढवता येईल: वाळवी कोणत्या पावसानंतर उडाली, तलावात चतुराची पिल्ले कधी दिसू लागली, पाणी किती उरल्यावर ती नाहीशी झाली, आणि त्या किड्याचे गावात काय नाव आहे. प्रत्येक नोंदीशेजारी गावच्या लोकरीने आणि पिसाने बांधलेला त्या किड्याचा एक नमुना टाचून ठेवायचा. चार-पाच पावसाळ्यांत या कोरड्या पट्ट्यातल्या तलावांचे असे किड्यांचे कॅलेंडर तयार होईल. ट्राउटच्या ओढ्यांसाठी तशी कॅलेंडरे फार पूर्वीपासून छापली जात आहेत. ही वही हाती आली की मुळा धरणावर जूनमध्ये कुठली फ्लाय न्यायची, हे नव्या माणसाला कोणत्याही परदेशी पुस्तकात शोधावे लागणार नाही.